सगळ्यांआधी पिकलेलं वावर

आश्विन लागला की सक्करदऱ्याच्या तलावावर पोपट दिसायला लागतात. तसे ते बारा महिने असतातच म्हणा, पण पाऊस उघडून आभाळ स्वच्छ झालं की त्यांचे थवे नजरेत भरतात. ऊन कलतं, पाणी तांबूस होतं, आणि चहूकडून हिरव्या रेघा ओरडत ओरडत येतात नि काठच्या मोठ्या झाडांत शिरतात. मग बराच वेळ झाडंच भांडताहेत असं वाटतं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्या वेळी बायका जमतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सुषमाताई मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढतात आणि ग्रुपवर टाकतात. परवा मलाही हाताला धरून वर घेऊन गेल्या. "पहा ना हो, किती गोड दिसून राहिले! शाळा सुटल्यावानी." मी म्हटलं, "पोटं भरली आहेत त्यांची, म्हणून गोड दिसतात." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली. मी गुडघे सांभाळत खाली आले आणि दार लोटून बसून राहिले.

राग आला होता. साठी उलटलेल्या, कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेल्या बाईनं पाखरांवर रागवावं, हे शोभत नाही. शिवाय सक्करदऱ्याचे पोपट ते माझ्या माहेरचे पोपट नव्हेत, हेही कळतं. पण कळून काय उपयोग? तो कर्कश आवाज कानावर पडला की माझ्या तळहाताला रॉकेलच्या जुन्या डब्याचा पत्रा आठवतो. गेल्या आश्विनात हातात आलेले फोड केव्हाच बरे झाले. आवाज मात्र अजून आत वाजतो.

माझं माहेर पारशिवनीच्या पुढचं, जंगल दिसू लागतं त्या अंगाचं. धानाचं गाव. तिथं माझा धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची बायको कुंदा शेती करतात. शेती लहान, रस्त्याच्या कडेला, चार बाजूंनी बांध घातलेल्या बांध्यांची. धानाच्या वावराला तिकडे बांधी म्हणतात. पाणी धरून ठेवायचं तर बांध लागतोच.

आमच्या लहानपणी राखण हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हता. शिवारभर एकच धान असायचा, भारी जातीचा. भारी वजनानं नव्हे, मुदतीनं. कार्तिक सरता सरता पिकणारा. रोवणी सगळ्यांची मागेपुढे एकाच सुमाराला, त्यामुळे लोंब्याही सगळ्यांच्या बरोबरच भरायच्या. मग वावरावावरात मचाणी उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीवर कोणीतरी असायचं. कुठे म्हातारा, कुठे नवी सून, कुठे शाळा बुडवलेली पोरगी. मी त्या बुडव्यांतली. थवा उतरला की त्या वावरातून "हाऽऽ हुर्रऽऽ" व्हायचं, डबा वाजायचा. थवा उठून शेजारी जायचा, तिथला डबा वाजायचा. असं एकाकडून दुसऱ्याकडे ढकलत त्याला नदीपार नाहीतर जंगलात घालवायचा. पाखरं थोडं थोडं सगळ्यांचंच खायची, म्हणून कोणाचंच फार जायचं नाही. त्याला कोणी नुकसान म्हणतही नसे. धान घरी आला की पहिल्या लोंब्यांचा झुबका बांधून दाराच्या चौकटीला टांगायची रीत होती, चिमण्यांसाठी. आई तो टांगताना म्हणायची, "त्यायचाही वाटा रायते." केवढा ऐसपैस शब्द आहे, वाटा! देणारे पुष्कळ असले म्हणजेच तो देता येतो, हे तेव्हा कुठे कळत होतं?

आता धान तोच आहे, पाणी तसं राहिलं नाही. आमचं गाव कालव्याच्या अगदी शेपटाला. पाऊस लवकर पाठ फिरवतो, कालव्याचं पाणी वरच्या गावांनाच पुरत नाही, आणि नेमकी दाणा भरायच्या वेळी आमच्याकडची जमीन भेगाळते. लोंबी दिसायला भरघोस असते. बोटांत धरून दाबली की आत नुसता वारा. ओळीनं काही सालं असं झालं आणि गावात वीटभट्टीवाल्यांची ये-जा वाढली. ते वावर मागत नाहीत, वावराची माती मागतात. उन्हाळ्यात जेसीबी येतो, वरची सगळी चांगली माती खरवडून ट्रॅक्टरांत भरतो, आणि पावसाळ्यात तिथं डबकं साचतं. सातबारावर नाव तुमचंच राहतं, फक्त वावर राहत नाही. गावाच्या वरच्या अंगाला असे खड्डे पडले होते. सुधाकरकडेही ती माणसं दोनदा चहा पिऊन गेली होती.

"ताई," तो मला फोनवर म्हणाला होता, "एक डाव हे नवं बियाणं साधलं ना, तं मी त्यायले धुऱ्यावर पाय नाई ठेवू देत." साधलं नाही तर काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बापानं बैलांच्या मागे धावून सपाट केलेली ती बांधी. तिची माती भट्टीत जाऊन कोणाच्या तरी फ्लॅटची भिंत होणार, कदाचित माझ्याच मोहल्ल्यात, हा विचार मला जेवताना यायचा आणि घास फिरायचा.

ते नवं बियाणं म्हणजे हलका धान, लवकर पिकणारा. आश्विनातच हाताशी येणारा. म्हणजे पाणी तुटायच्या आत दाणा भरून मोकळा. गावात येणाऱ्या कृषी सहायक मॅडमनी ते सुचवलं. तरुण मुलगी, स्कूटीवर यायची, डोक्याला स्कार्फ, पायात चिखलाचे गमबूट, आणि मनात खरोखर कळकळ. पेरणीआधी सुधाकरच्या अंगणात बैठक भरली तेव्हा मी आंबे खायला म्हणून माहेरी गेलेली होते. कडुलिंबाखाली सतरंजी, त्यावर पुरुष, ओसरीवर बायका. मॅडम उतारा किती येईल ते सांगत होत्या आणि ऐकणाऱ्यांच्या मनात भलतेच प्रश्न होते. एकानं विचारलं, "तणस किती निघते? हे तं ठेंगणं दिसते. बैलायले काय घालाव?" ओसरीवरून एकीनं विचारलं, "सकायचा भात सांजेले कडक होते का जी?" दुसरीला पोह्यांची काळजी होती. मॅडम बिचाऱ्या कागद चाळत होत्या. शिळ्या भाताविषयी कागदात काही नव्हतं.

मला त्या प्रश्नांचं हसू आलं नाही. धान काही नुसता दाणा नसतो. तो गोठ्यातला चारा असतो, पावसाळ्यातलं छप्पर असतो, डब्यात नेलेला दुपारचा घास असतो. जात बदलायची म्हणजे घरात नवी सून आणण्यासारखंच आहे. तिचं शिक्षण किती, हे एकच विचारून कसं भागेल?

शेवटी वासुदेवभाऊ बोलले. सुधाकरच्या वावराला लागूनच त्यांचं वावर. वय सुधाकरपेक्षा जास्त, बोलणं कमी, त्यामुळे गावात शब्दाला वजन. "मॅडम, तुमी सांगून राहिल्या ते खरंच असन. पण पायल्याशिवाय सारं गाव कसं टाकन? एकानं टाकाव. आमी पाहू. चांगलं आलं तं पुढच्या साली सारं शिवार टाकते, हा माहा शब्द." सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडम म्हणाल्या, बियाणं सगळ्यांपुरतं मिळेल, प्रत्येकानं एक-एक बांधी तरी लावून पाहा. पण वासुदेवभाऊंचं बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की मॅडमचं म्हणणं मागेच पडलं. मलाही ते पटलं. कोणालाही पटावं असंच होतं. आधी एकानं उडी घ्यायची, तो तरला तर बाकीच्यांनी. सुधाकरनं हात वर केला. रस्त्याच्या कडेचं वावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल, म्हणून मॅडमनाही ते बरं वाटलं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नव्या बियाण्याची पाटी लागली.

त्या शहाणपणातच सगळं नासलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा फिल्टर आधी सुषमाताईंनी घेतला. आम्ही सगळ्याजणी महिनाभर त्यांच्याकडे पाणी पिऊन आलो, मग आपापल्या घरी तोच बसवला. शहरात असं चालतं. एकटीनं पहिला फिल्टर घेतला म्हणून तो खायला आभाळातून कोणी उतरत नाही. धानाचं तसं नाही. काही वाणं अशी असतात की सगळ्यांनी मिळून घेतली तरच घेता येतात. हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं आहे, पण त्या अंगणात, आंब्याच्या कोयी चोखत बसलेल्या आम्हा एवढ्या माणसांत, एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. मचाणीवर लहानाचे मोठे झालेलो आम्ही!

नवरात्राच्या तोंडावर सुधाकरचा फोन आला. "ताई, येजो. माणूस पायजे." धान पडला का, रोग आला का, मी विचारत राहिले. "धान झ्याक आहे. तू ये फक्त." घरात घट बसायचे होते. ते जावेवर सोपवून मी एसटीनं पारशिवनीला उतरले आणि पुढे मिळेल त्या गाडीनं गावात पोचले.

रस्त्यावरूनच मला ते वावर दिसलं. हिरव्यागार शिवारात एकच पिवळा चौकोन. बाकी सगळ्यांचा भारी धान अजून गुडघ्याएवढा, निव्वळ पान. आणि हा मात्र लोंब्यांनी वाकलेला, उन्हात झळाळणारा. खरं सांगते, पाहताक्षणी मला भरून आलं. वाटलं, साधलं गा सुधाकर! रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं म्हणून निवडलेलं वावर प्रत्येकाला दिसत होतं. मग मी वर पाहिलं. आभाळातून जाणाऱ्यांनाही ते दिसलं होतं.

पोपटांचं खाणं तुम्ही जवळून पाहिलंय? पाहू नका. तो लोंबीवर बसतो, चोचीनं ती कचकन तोडतो, पायात धरतो, चार दाणे सोलतो आणि उरलेली खाली टाकून दुसरी तोडतो. पोटापुरतं खाईल तर तो पोपट कसला! बांधीत खाली तोडलेल्या लोंब्यांचा सडा पडला होता, कोवळ्या दाण्यांतलं दूध वाळून पांढरं झालेलं. पोपट कमी पडले म्हणून मुनियांच्या, त्या चिमणीहून लहान पाखरांच्या, झुंडी होत्या. सुधाकर एका कोपऱ्यात, कुंदा दुसऱ्या कोपऱ्यात, डबे बडवत होते. कुंदाचा घसा बसून आवाज फाटका झाला होता. मी पिशवी धुऱ्यावर टाकली, पदर खोचला आणि तिसरा कोपरा धरला.

आणि तिथं मला कळलं. मी डबा वाजवला, थवा उठला. लहानपणी उठायचा तसाच, एकदम, हिरवा कागद भिरकावल्यासारखा. मी सवयीनं शेजारच्या वावरातला डबा वाजण्याची वाट पाहिली. तो वाजला नाही. वाजणार कसा? शेजारच्या वावरात राखायला दाणाच नव्हता. थव्याला तिथं खायला काही नव्हतं, म्हणून तो तिथं बसलाही नाही. एक गिरकी घेतली आणि आमच्याच बांधीत, जरा पलीकडे, उतरला. आम्ही पलीकडे धावलो. तो अलीकडे आला. उठवलेल्या पाखरांना जायला दुसरी जागाच नव्हती. सगळ्या शिवाराच्या वाट्याची पाखरं एकट्या सुधाकरच्या वाट्याला आली होती.

दाणा पुरता पक्का होऊन कापणीजोगा होईपर्यंतचे ते दिवस मला सलग आठवत नाहीत. नुसते तुकडे आठवतात. उजाडताच वावरात जायचं, धुऱ्यावर बसून भाकर खायची, खातानाही एका हातानं डबा वाजवायचा. सुधाकरचा जुना शर्ट घातलेलं बुजगावणं आणि त्याच्या डोक्यावर निवांत बसलेला पोपट. बाजारातून आणलेली चमकणारी पट्टी, जिला पाखरं सुरुवातीला बिचकली आणि मग तिच्याच दोरीवर ओळीनं बसली. दूर कुठेतरी देवीच्या आरतीचा भोंगा. माझ्या हातातले फोड. कुंदा रात्री खुणांनीच बोलायची, आवाज उरला नव्हता. आणि सगळ्यात जास्त आठवते ती असहायता. काम करून दमणं वेगळं. जीव तोडून काम करतोय, त्याचा काडीचा उपयोग नाही, हे दिसत असताना दमणं वेगळं.

वासुदेवभाऊ रोज येऊन धुऱ्यावर उभे राहायचे. वाईट माणूस नव्हे. चुकचुकायचे. "भल्लं जोराचं पीक आलं होतं गा सुधाकर," म्हणायचे. 'होतं.' उभ्या पिकाला ते 'होतं' म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या बाजूनं एक डबा वाजवता काय?" ते ओशाळले. "ताई, सोयाबीन कापाले आलं ना. मजूर भेटून नाई राहिला. माह्या घरचे सारे तिकडंच आहे." खोटं नव्हतं. गावापलीकडच्या कोरडवाहू रानात सगळ्यांचं सोयाबीन त्याच दिवसांत कापणीला उभं होतं, पाऊस येईल का म्हणून जो तो आभाळाकडे पाहत होता. ज्याचं वावर त्यानं राखायचं, ही रीत. रीत मोडायला कोणाला सवड नव्हती.

एका दुपारी सुधाकर थांबला. डबा वाजवता वाजवता मध्येच थांबला आणि चिखलात फतकल मारून बसला. थवा अगदी त्याच्या हाताच्या अंतरावर लोंब्या तोडत होता. तो त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "खा बापहो. खा. तुमीच खा." आवाजात राग नव्हता. पाहुण्यांना पानावर आग्रह करावा तसा म्हणाला. पन्नाशी उलटलेला माझा भाऊ, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायचंही त्याला सुचत नाही. कुंदा धावत आली, त्याच्या हातातला डबा हिसकला आणि त्याच्या कानाशीच बडवायला लागली. फाटक्या आवाजात ओरडत होती, "उठा ना! बसता काय? उठा ना!" ती पाखरांना हाकलत होती की त्याला उठवत होती, कोणास ठाऊक. दोन्ही असेल. तो उठला. पाखरं नाही उठली.

जे उरलं ते कापलं. त्याला पीक म्हणायला जीभ वळत नाही. मॅडम आल्या, पाटीशेजारी उभ्या राहिल्या. उरलेल्या लोंब्या हातात घेऊन पाहत राहिल्या. लोंब्या टंच भरलेल्या होत्या. पाण्यानं दगा दिला नव्हता, बियाण्यानंही नाही. त्या म्हणाल्या, "काका, सगळ्यांनी एकदम टाकलं असतं तर…" आणि तोंड फिरवून त्यांनी स्कार्फ नीट केला. सुधाकर नुसता "हो" म्हणाला. त्या वर्षी कुंदानं दाराला झुबका टांगला नाही. मी विचारलं, काहून वं? "त्यायचा वाटा नेला ना त्यायनं," ती म्हणाली.

पण कुंदा ही काही स्वस्थ बसणारी बाई नव्हे. मार्गशीर्षात, गावाचा भारी धान नेहमीसारखा निम्मा वारा घेऊन घरोघरी आला, तेव्हा तिनं डोकं चालवलं. पुरुष उताऱ्यावर बोलतात, पण घरात काय शिजायचं ते बायका ठरवतात, असा तिचा हिशोब. त्या हलक्या धानाचा काही भाग तिनं गिरणीतून काढून आणला आणि जवळच्या घरांना जेवायला बोलावलं. वरण, वांग्याची भाजी आणि तो भात. मी खास त्यासाठी गेले. मुद्दाम सकाळी शिजवून सांजेला वाढला. मऊ, मोकळा, गोडसर. ज्या बाईनं अंगणातल्या बैठकीत कडक भाताचं विचारलं होतं, तिनं दोनदा मागून घेतला. वासुदेवभाऊ बोटं चाटत म्हणाले, "भात तं साखर आहे वं, कुंदा." तेव्हा सुधाकर हात जोडून उभा राहिला. भाषण त्याला जमत नाही. एवढंच म्हणाला, "साऱ्यायनं एकदम टाकू. पाखरू वाटून जाईन. एकट्याच्यानं होत नाई, मी पायलं." जेवलेली माणसं नाही म्हणत नाहीत. प्रत्येक घरानं पदर पसरून बियाणं नेलं. कुंदानं स्वतःच्या पेरणीपुरतं ठेवलं आणि बाकी सगळं वाटलं. परत निघताना मला वाटलं, चला, उशिरा का होईना, गाव शिकलं. एसटीत मला गाढ झोप लागली.

या आषाढात फोन केला. "किती जणायनं टाकलं वं?" कुंदा आधी पावसाचं बोलली, मग म्हशीचं बोलली. मी पुन्हा विचारलं.

"कोणी नाई, ताई."

"मंग बियाणं?"

"खाल्लं ना."

ती शांतपणे सांगत होती. एका घरी पोरीचे पाहुणे आले, त्यांना चांगला भात वाढायला नको? एका घरी म्हातारीला दुसरा भात गिळवत नव्हता. वासुदेवभाऊंची सून बाळंत झाली, तिला मऊ भात पाहिजे होता. थोडा काढला, मग आणखी थोडा. "आपणच जेवू घातलं ना, ताई," कुंदा म्हणाली. "तोंडाले चव लागली. एवढा गोड तांदूळ चिखलात काहून फेकाव, असं झालं लोकायले. चव नसती ना, तं बियाणं वाचलं असतं." तिला कोणाचा राग आला नव्हता, हे मला जास्त लागलं. ओल्या बाळंतिणीनं भात खाल्ला म्हणून कोण कोणावर रागावणार? आणि मॅडमची तर उन्हाळ्यातच बदली झाली होती.

"अन् सुधाकर?"

"त्यायनं टाकलं ना. तेच टाकलं. एकट्यानं." मग तीच म्हणाली, "दुसरं काय टाकाव ताई? भारी टाकला तं पाण्यावाचून जाते, हलका टाकला तं पाखरू नेते. कोण्या हातानं मराव, एवढंच आपल्या हाती आहे." त्यानंतर मी फोन करायची टाळू लागले. खोटं कशाला बोलू? बातमी ऐकायची हिंमत होत नव्हती. श्रावण गेला, भादवा गेला. गच्चीवर सुषमाताईंनी बोट दाखवलं तेव्हा कळलं, आश्विन आला.

ती संध्याकाळ तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ठेवला आणि फोन लावला. ही वेळ पाखरं उतरायची, म्हणजे ती दोघं वावरातच असणार. कुंदानं उचलला. तिचा आवाज पुन्हा बसलेला होता. बोलण्याआधीच मला पाठीमागचा डबा ऐकू आला, धाड धाड धाड, सुधाकरचा हात, ओळखीचा. आणि मग, थोड्या अंतरावरून, दुसरा. संथ, दमानं वाजवलेला. पहिला थांबला की तो वाजायचा. तो थांबला की पहिला.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. लहानपणीचा तो आवाज, एका वावरातून दुसऱ्या वावरात जाणारा! मी जवळजवळ ओरडलेच, "कुंदा! दुसरा डबा वाजून राहिला! कोणी टाकलं वं? वासुदेवभाऊनं टाकलं ना?"

बसलेल्या आवाजात ती आधी पाखरांवर ओरडली.

"वासुदेवभाऊच आहे ना तो?"

"हो, तेच आहे," ती म्हणाली. "पण त्यायनं नाई टाकलं, ताई. त्यायचं वावर उन्हाळ्यात भट्टीले गेलं. सारा खड्डा झाला आहे तिथं. पाणी भरलं आहे. त्याच्या काठावर उभे रायते ते, सकायपासून डबा घेऊन. आमी बोलवलं नाई. म्हणते, माह्यापाशी आता राखाले काही नाई वं बाई, तं तुमचं राखतो."

चहा उतू गेला होता. गॅस बंद करायला मला सुचलं, एवढंच. मग काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "दोघं वाजवते, तं उडते काय गं पाखरं?"

"उडते ना," कुंदा म्हणाली. "खड्ड्यावरून चक्कर मारते, अन् येते परत."

मी फोन ठेवला नाही. तिनंही नाही ठेवला. ती दोन डब्यांची वाजवणी, एक इकडचा, एक तिकडचा, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.